बोनसमधून दान होत नसतं

प्रश्न थोडक्यात: "१९७८ साली अमेरिकेत आलो, ते एका छोट्या ख्रिस्ती विद्यापीठाने पूर्ण फी माफ केली म्हणून. मी हिंदू आहे, हे त्यांनी कधी मध्ये आणलं नाही. यंदा ७३ पूर्ण होतील. आयआरएमधून (निवृत्तीसाठीचं करसवलतीचं खातं) ५० हजार डॉलर काढून तिथे कायमस्वरूपी शिष्यवृत्ती ठेवायची आहे. आता चेक द्यावा की मृत्युपत्रात लिहावं? ता. क. एजंटने आयआरएतले ३ लाख अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनीशी लांब मुदतीचा करार) घालून दिले. सात टक्के बोनस मिळाला, दान त्यातूनच निघेल म्हणाला."

उत्तर: तुमचा खरा प्रश्न ता. क. मध्ये आहे. पत्रासोबत पाठवलेलं स्टेटमेंट पुन्हा काढा. वर ठळक अक्षरात ३,२१,००० आहे. त्याच्या तीन ओळी खाली, बारीक अक्षरात, आज मोडल्यास मिळणारी रक्कम: २,८८,९००. म्हणजे २१ हजारांचा बोनस दिला आणि ३२ हजारांचा दंड लावून ठेवला. तुमच्या मुद्दलातलेच ११ हजार अडकलेत, त्यातून दान कसलं निघणार? आयआरएतल्या पैशांवरचा कर मुळातच पुढे ढकललेला असतो. त्याच कारणासाठी आत अ‍ॅन्युइटी घेणं म्हणजे छत्रीवर रेनकोट घालणं. असल्या दहा वर्षांच्या करारावर एजंटला सहा-सात टक्के कमिशन नवलाचं नाही. दान कोणाला पोचलं, ते कळलं असेल.

आता मोडू नका. दंड दरवर्षी उतरतो, आणि बहुतेक करारांत वर्षाला दहा टक्के विनादंड उचलता येतात. तुमच्या करारात केव्हापासून, ते कंपनीकडून लेखी घ्या, एजंटकडून नको.

उरतो आयआरएतला मोकळा १ लाख. त्यातले ५० हजार एका फटक्यात दिलेत तर आजारपणाला, छपराला हाताशी राहणार निम्मेच. शिवाय २२ टक्क्यांनी ११ हजार कर. वजावट मिळेल म्हणाल, तर पासष्टीपुढच्या जोडप्याला २०२५ साठी ३४,७०० ची प्रमाणित वजावट तशीही आहे. चेकचा फायदा फक्त वरच्या १५ हजारांवर, म्हणजे ३,३०० डॉलर. आठेक हजार नाहक गेले.

त्यापेक्षा क्यूसीडी, म्हणजे आयआरएतून थेट दान, करा. साडेसत्तरीनंतर आयआरएची कंपनी थेट विद्यापीठाच्या नावे रक्कम पाठवू शकते (२०२५ ची मर्यादा १,०८,०००). ती तुमच्या उत्पन्नात धरली जात नाही. यंदापासून तुम्हाला आरएमडी (आयआरएतून दरवर्षी काढावीच लागणारी किमान रक्कम) लागू होतोय. सगळ्या आयआरए मिळून तो साधारण १५-१६ हजार येईल. त्यातले दहा हजार दरवर्षी विद्यापीठाला. पाच वर्षांत तेच ५० हजार, त्यावर कर शून्य. पैसे आधी तुमच्या खात्यात आले की सवलत गेली, एवढं मात्र सांभाळा. मृत्युपत्राची घाई नाही. पुढे आयआरएच्या लाभार्थींत विद्यापीठाचं नाव घालता येईल.

आणि कायमस्वरूपी कशाला? ५० हजारांच्या निधीतून चार टक्क्यांनी वर्षाला दोन हजार निघतात, त्यात एका सत्राचंही भागत नाही. छोट्या धार्मिक संस्थांचं पुढचं कोणी सांगावं? अलाबामातलं मेथडिस्ट बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज आणि पेनसिल्व्हेनियातलं कॅथलिक कॅब्रिनी विद्यापीठ, दोन्ही २०२४ मध्ये बंद झाली. दहा हजार त्याच वर्षीच्या मुलांवर खर्च व्हावेत, असं विद्यापीठाशी लेखी ठरवा. "परदेशातून आलेल्या गरजू विद्यार्थ्याला" एवढं लिहिता येतं. घरातल्या कोणाचं, समजा पुतण्याच्या मुलीचं, नाव लिहू नका, ते दान धरलं जात नाही. तिची फी भरायची असेल तर थेट विद्यापीठात भरा. वजावट नाही, पण गिफ्ट टॅक्सचीही भानगड नाही.

पत्नीच्या आयआरएचंही "असंच करून टाकू" म्हणून एजंटने जो फॉर्म ठेवून दिलाय, त्यावर सही झालेली नाही असं तुम्ही लिहिता. होऊ देऊ नका.