‘एग ऑन’मध्ये अंडं कुठलं?

‘एग ऑन’ म्हणजे काय, आणि पडेल नाटकातल्या नटांवर अंडी फेकत त्यावरून हा प्रयोग आला का, असं रामबागेतल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे. शिकवणीत तिला तसंच सांगितलं म्हणे.

चूक. अंड्याचा इथे काडीचाही संबंध नाही. अर्थ आधी उरकतो: भरीस घालणे, चिथावणे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत पोट तुडुंब भरलेल्या मित्राला ‘हिंमत असेल तर अजून एक प्लेट गराडू!’ म्हणणारं टोळकं करतं ते एग ऑन. बक्षीस समारंभात मुलं ‘आईबाबांनी मला एग ऑन केलं’ म्हणतात ना, ते ऐकून मी वैतागतो. ते प्रोत्साहन झालं, बाळांनो! एग ऑन करणारा समोरच्याला नको त्या धाडसात ढकलतो.

आता मूळ. उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी वायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘एग’ म्हणजे शस्त्राची धार, आणि त्यावरून ‘एग्या’ म्हणजे डिवचणे, चेतवणे. 793 साली लिंडिसफार्नचा मठ लुटणारे हे लोक पुढे इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला घरं करून राहिले, नि त्यांचे शब्दही तिथेच मुरले. 1200च्या आसपास हे क्रियापद इंग्रजी लिखाणात दिसू लागतं. इंग्रजीचा स्वतःचा ‘एज’ हा त्याचा सख्खा भाऊ. नॉर्समध्ये ‘ग’ टिकला, इंग्रजीत त्याचा ‘ज’ झाला, एवढाच फरक. याच अर्थानं इंग्रज एके काळी ‘एज ऑन’ही म्हणत. अंडीवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

गंमत म्हणजे खायचं ‘एग’ही नॉर्समधूनच आलं, मूळ इंग्रजी शब्द निराळा होता. लंडनचा मुद्रक कॅक्स्टन 1490 साली लिहितो, की एका व्यापाऱ्यानं ‘एग्ज’ मागितली, तर घरातली बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही! तिच्या बोलीत अंड्यांना ‘आयरेन’ म्हणत. दोन्ही ‘एग’ एकाच भाषेतून आले, पण नातं काही नाही. आइसलँडच्या भाषेत आजही धार आणि अंडं, दोन्ही ‘एग’च.

पण मला खरा आनंद पुढच्या नात्याचा आहे. संस्कृत आणि या युरोपीय भाषा एकाच कुळातल्या, म्हणून या धारेचं मूळ थेट आपल्या घरात येतं. संस्कृतात ‘अश्रि’ म्हणजे धार, कड, कोपरा. चार अश्रींचं ते चतुरश्र. तालाची चतुरश्र जाती तीच, आणि बोलण्यात झिजून झालेला आपला ‘चौरस’ही तोच. म्हणजे ‘एग ऑन’ हा अंगणातल्या रांगोळीच्या चौरसाचा लांबचा भाऊबंद! हे ओढूनताणून जुळवलंय, असं आमचे काही संस्कृतज्ञ मित्र म्हणतात. त्यांनी लॅटिनकडे पाहावं. तिथे याच मुळापासून टोकदार, आंबट, झोंबणारं अशा अर्थांचे शब्द झाले. ‘ॲसिड’ आणि ‘ॲक्यूट’ त्यांतलेच. जिभेला झोंबणारं लिंबू या घराण्यात चालतं, मग चौरसाची कड का चालू नये?