सी ड्राइव्ह लाल झालाय, रेव्हिट कुठे घालू?

प्रश्न : मी फोंड्याला असतो, मुलगी आर्किटेक्चरला आहे. तिच्या जुन्या लॅपटॉपला 128 जीबीचा एसएसडी आणि वेगळी 1 टीबीची हार्डडिस्क आहे. सीवर 11 जीबीच उरलेत. ऑटोकॅड आणि रेव्हिट ही ड्रॉइंगची दोन्ही सॉफ्टवेअर टाकायचीत, इन्स्टॉल करताना डी ड्राइव्ह निवडला तरी जागा नाही म्हणतो. फॉरमॅट मारू का?

उत्तर : फॉरमॅट नको हो, एवढ्यात नको. आधी एक गोष्ट, 128 चा एसएसडी विंडोजमध्ये 119 च दिसतो, त्यात दुकानदाराने फसवलं असं काही नाही, दोघांची मोजायची पद्धत वेगळी.

आता डी निवडूनही सी का भरतो, तर चवथीला कसं सगळं सामान आधी हॉलात येऊन पडतं आणि मग आतल्या खोलीत जातं, इन्स्टॉलरचं तेच. डाउनलोड केलेली फाइल उघडली की ती आधी सीवर ऑटोडेस्क नावाच्या फोल्डरात सुटी होते आणि मग इन्स्टॉल सुरू. फाइल उघडल्यावर पहिल्याच खिडकीत कुठे सोडू विचारतात ना, तिथे आपण सगळे डोळे मिटून ओके मारतो, तिथेच डी करा. मग पुढे इन्स्टॉल कुठे करायचं तेही डी. तरी थोडं सीवर जाणारच, रेव्हिटच्या फॅमिली, म्हणजे दारं-खिडक्यांचे तयार नमुने, वगैरे सीवरच्या प्रोग्रामडेटा फोल्डरात जातात, म्हणून सीवर 25-30 जीबी मोकळे करून मगच बसा. रेव्हिट एकटंच 30 जीबी मागतं.

मोकळे कुठून करायचे? हल्लीच विंडोज 11 वर गेला असाल तर विंडोज डॉट ओल्ड फोल्डर बघा, त्यात जुनी विंडोज ठेवलेली असते, वीसेक जीबी सहज असतो. दहा दिवसांनी आपोआप जातो, घाई असेल तर डिस्क क्लीनअपमध्ये क्लीन अप सिस्टम फाइल्स दाबून उडवा, पण मग जुन्या विंडोजवर परत जाता येणार नाही. मग डाउनलोड्स, पिक्चर्स, डॉक्युमेंट्स. एकेका फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, आणि डीवर हलवा. हायबरनेशन, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद होणं, ते बंद केलं तर 8 जीबी रॅमवर साधारण 3 जीबी सुटतात, पण मी तरी करणार नाही, पावसात वीज गेली आणि बॅटरी संपत आली की लॅपटॉप हायबरनेट होतो म्हणून पोरीचं अर्धवट ड्रॉइंग वाचतं.

एक मात्र करू नका. माझ्या भाच्याने डिचोलीला अख्खा प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर कट करून डीवर पेस्ट केला, जागा झाली म्हणून खूश, आणि दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर उघडेना, अनइन्स्टॉलही होईना, कारण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, पत्ता जुनाच. दोन रात्री त्यात गेल्या, आणि त्या माझ्या गेल्या. हलवायचं असेल तर काढून परत टाका.

आणि पार्टिशन वाढवायच्या नादी लागू नका, तुमचा डी वेगळ्या डिस्कवर आहे, तिथली जागा सीला जोडता येत नाही. डी हार्डडिस्क असल्याने रेव्हिट उघडायला वेळ खाईल, तेवढं सोसा, नाहीतर 500 जीबीचा एसएसडी घ्या आणि आहे ती विंडोज त्यावर क्लोन, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, करून घ्या, सगळं परत टाकत बसायला नको.