कामगार कायद्यात प्राध्यापक व्हायचंय, बेळगावात राहून जमेल का?

नक्की जमेल. एलएलबीनंतर एलएलएमला कामगार कायदा घ्या. त्यात किमान ५५ टक्के आणि नेट किंवा के-सेट (प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची किंवा कर्नाटकाची पात्रता परीक्षा) हवीच. पीएचडीचं नंतर बघता येईल.

खरा अभ्यास मात्र गावातच आहे. तहसील कचेरीतला कारकून आणि वायव्य कर्नाटक परिवहनचा कंडक्टर, दोघांनाही आपण सरकारी नोकरच म्हणतो. पण बडतर्फी झाली की कारकुनाला घटनेच्या कलम ३११ चं (सहसा चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही, हे) संरक्षण मिळतं आणि तो सरकारी नोकरांचे नोकरीविषयक वाद ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या बेळगावातल्या पीठापुढे जातो. कंडक्टर महामंडळाचा, त्याला ३११ लागू नाही, त्याची वाट कामगार न्यायालयाची. हा फरक का, याच प्रश्नावर चांगला प्रबंध होईल.

सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा उमादेवी निकाल मुळातून वाचा. रीतसर भरतीशिवाय लागलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असं तो सांगतो. तो कर्नाटकातल्याच रोजंदारी कर्मचाऱ्यांचा आहे, आणि कायम होण्यासाठी झगडणाऱ्या कंत्राटी माणसाला आजही तोच आडवा येतो.

आणि कन्नड वाचायला शिकाच, मराठी शाळेतून आला असाल तरी. आदेश, सेवापुस्तक, चौकशीची नोटीस सगळं कन्नडमध्ये असतं. खानापूर-निपाणीच्या सफाई कामगाराशी मराठीत बोलून त्याची कन्नड नोटीस वाचू शकणारे अभ्यासक फार कमी आहेत, आणि त्यांची इथे फार गरज आहे.