ख्रिस्ती श्रद्धा एखाद्या राष्ट्राला नैतिक दिशा देऊ शकते का?
देऊ शकते, पण आपोआप नव्हे. ब्रिटनमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती स्थापन झाली, तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, आणि संसदेत हा प्रश्न वीस वर्षे लावून धरणारे विल्यम विल्बरफोर्स हेही श्रद्धेपोटीच उभे राहिले होते. व्यापारबंदीचा कायदा अखेर १८०७ मध्ये झाला. मात्र त्याच अठराव्या शतकात अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) धर्मप्रसारक संस्थेच्या, बार्बाडोस या कॅरिबियन बेटावरील उसाच्या मळ्यावर गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात होता. बायबल दोघांचेही एकच. १८३३ च्या गुलाममुक्तीच्या कायद्यानेसुद्धा (हे सहसा सांगितले जात नाही) दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांनाच दिली, गुलामांना नाही.