सेल्फ लागतो, इंजिन फिरतं, पण गाडी स्टार्ट होत नाही. कुठून बघायला सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोलची आहे, बॅटरी नुकतीच बदललीय, सेल्फ जोरात लागतो पण इंजिन काही पकडत नाही, आणि सोसायटीतले लोक ‘धक्का मारून बघा’ म्हणतायत. आधी तो धक्क्याचा नाद सोडा. धक्का मारून आपण इंजिन फिरवतो, आणि ते काम तुमचा सेल्फ करतोच आहे. उलट न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) जाऊन तो खराब झाला तर खर्च कुठल्या कुठे जातो.

मी मेकॅनिक नाही, पण हा प्रकार माझ्यासोबत पुण्यात घडलाय. पहिल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले, मग कॉइल बदलली, मग ‘ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असेल’ म्हणाला. त्यानंतर एक वयस्कर मिस्त्री आले. बॉनेट उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, “फक्त चावी ऑन करा, सेल्फ मारू नका,” आणि स्वतः मागच्या सीटला कान लावून बसले. मग मला सेल्फ मारायला सांगून त्यांनी खालून टाकीवर लाकडी दांड्याने दोन-तीन टोले दिले, आणि गाडी चालू! टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते. टोल्याने ते तेवढ्यापुरते टेकले. (हा उपाय घरी किंवा गॅरेजपर्यंत पोचण्यापुरताच, पंप बदलावाच लागतो.)

म्हणून तुम्हीही कानापासून सुरुवात करा. पंखा, रेडिओ बंद ठेवा आणि चावी ऑन करा. मागच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक ‘घूंऽऽ’ ऐकू यायला हवं. आलं नाही तर पंपाचा फ्यूज बघा, मग रिले (पंपाला करंट जोडणारा छोटा स्विच). हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येतो, पैसे लागत नाहीत. दोन्ही ठीक असतील तर पंपाच्या सॉकेटपर्यंत करंट येतोय का, हे मल्टीमीटर लावून बघायला सांगा. करंट येत असेल आणि अर्थिंगही ठीक असेल, तरच पंप गेला म्हणायचं. आवाज आला म्हणून पेट्रोलचं प्रेशर पुरेसं आहे असंही नाही. पंप अशक्त किंवा फिल्टर तुंबलेला असू शकतो, पण ते गेज लावून गॅरेजमध्येच कळतं.

आवाज येत असेल तर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तो दोनशेच्या आसपास हलतो. अगदी शून्याला चिकटून राहिला तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा सेन्सर) माझा पहिला संशय. इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळलं नाही तर तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने गुमान चालू होते, असं होत असेल तर हा संशय आणखी बळावतो.

मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखली नाही तर इंजिन चालू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. दुसरी चावी लावून बघा. रिमोटचा सेल बदलून सहसा उपयोग नसतो, साध्या चावीतली चिप त्यावर चालत नाही.

काल गाडी फक्त फूटभर मागे घेऊन लगेच बंद केली होती का? मग प्लग पेट्रोलने ओले झाले असतील. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या अशा वेळी पेट्रोल सोडणं थांबवतात. एरवीही एका दमात दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

एका बाबतीत मात्र सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा: इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसुरी, भरभर फिरतंय असं वाटलं तर. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) तुटलेला असू शकतो, आणि पुढे फिरवत राहिलात तर काही इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. आणि हो, पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी असेल तर बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा. हसू नका, शेजाऱ्यांच्या गाडीचं निदान तेच निघालं होतं.

माझ्या पंपाचं कारण मी स्वतःच. गाडीला सीएनजी किट आहे, त्यामुळे पेट्रोलचा काटा महिनोन् महिने रिझर्व्हवर. पण पंप टाकीतल्या पेट्रोलमुळेच थंड राहतो, आणि काही गाड्यांत सीएनजीवर असतानाही तो फिरतच असतो. आता पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही.

तुमच्या गाडीला सीएनजी आहे का, आणि चावी ऑन केल्यावर तो आवाज येतो का, एवढं खाली लिहा. मग पुढचं सांगतो.