विचारा तर खरं: भिंतीवरच्या चित्रपेट्या

सोसायटीच्या फाटकापाशी, वाचनालयाच्या ओट्यावर किंवा चाळीच्या अंगणात काचेची छोटी पेटी लावायची आणि त्यात रहिवाशांची चित्रं, फोटो, मातीकाम मांडायचं, या विषयावर या वेळी बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्र. कंपाउंड वॉलवर गेल्या मे महिन्यात २ फूट × दीड फूट × ४ इंचांची मरीन प्लायची पेटी बसवली. सुतारानं सगळे सांधे सिलिकॉननं बंद केले, आत सिलिका जेलच्या पुड्याही ठेवल्या. तरी जुलैत काच आतून घामेजली, चित्रांवर काळे ठिपके आले, तळाशी पाणी साचलं. पाणी कुठून येतं ते सापडत नाही. पुन्हा सिलिकॉन मारावं का? (मुलुंड)

उ. मारू नका. उलट तळाचं आहे तेही खरवडून काढा. सुतारानं पेटी घट्ट बंद केली, तिथेच ओल कोंडली.

तुमच्या मापाच्या पेटीत साधारण २८ लिटर हवा मावते. पावसाळ्यात उघडीप पडून तासभर ऊन लागलं की आतलं तापमान सहज ५० अंशांवर जातं. मग सर येते, पेटी २७-२८ अंशांवर उतरते आणि आतली हवा आकसते. जवळपास दोन लिटर हवेची जागा रिकामी होते. ती भरून काढायला पेटी बाहेरून ओढते, आणि नेमक्या त्या वेळी प्रत्येक सांध्यावर पाण्याचा थर असतो. दाराच्या कोपऱ्यात केसाएवढी फट असली तरी पाणी आत खेचलं जातं. ऊन-पावसाचा खेळ चालू असेल त्या दिवशी हा पंप तीन-चार वेळा चालतो. आत आलेल्या पाण्याला परत जायला वाट नाही, म्हणून ते तळाशी साचतं. गळती ‘सापडत’ नाही ती यामुळेच. पाइपनं पाणी मारून बघितलं तर पेटी कोरडी राहते, कारण तेव्हा ती तापलेली नसते.

दुसरा दोष प्लायचा. मरीन प्लाय (आयएस ७१० मानकाचं) पाण्यात सुटत नाही हे खरं, पण ते ओलावा पितं आणि सोडतं. पाठीमागची १२ मिमी पाटी एकटी दोन किलोच्या वर भरते आणि तिच्यात पाव किलोच्या आसपास पाणी असतं. पेटीतल्या सगळ्या हवेत मात्र पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. ऊन लागलं की पाटी ओल सोडते आणि ती थंड काचेवर जाऊन बसते. ५० ग्रॅम सिलिका जेल फार तर १५-१७ ग्रॅम पाणी धरतं, म्हणजे पाटीनं एक टक्का ओल सोडली तरी पुडीचं काम संपलं. हवाबंद डब्यातल्या कॅमेऱ्यासाठी जेल ठीक आहे, इथे ते पैसे वाया घालवणं आहे.

पाणी आत येणारच हे धरून पेटी करायची. आहे तीच दुरुस्त करायची असेल तर हे करा:

तळाच्या पाटीला पुढच्या कडेजवळ १० मिमीची तीन भोकं पाडा. ५ मिमीहून लहान भोक उपयोगाचं नाही, त्यात थेंब अडकून बसतो. तळ पुढे ५ मिमी उतरता हवा. आत पातळ पाचर ठेवून वर अॅल्युमिनियमचा पत्रा टाकला तरी चालतं. तळालाच मागच्या बाजूला १० मिमी रुंद, २०० मिमी लांब खाच काढा, ती हवेची वाट. हवा बाहेर पडायला दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर, अगदी वर, छपराच्या वळचणीखाली २५ मिमीची दोन-दोन भोकं. खाच आणि भोकं, सगळीकडे एक मिमी छिद्राची स्टीलची जाळी स्क्रूनं लावा. चिकटवू नका, कारण रस्त्याची धूळ तिला महिन्याभरात बुजवते आणि ब्रशनं साफ करायला ती काढावी लागते. जाळी नसेल तर आधी कसर शिरते, मग कोळी, मग पाल.

प्लायच्या जिथे जिथे कडा कापल्या आहेत, नव्या भोकांच्या आतल्या कडांसह, तिथे इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. ओल पाटीच्या तोंडावरून कमी आणि कडेतून जास्त शिरते.

छप्पर पुढे चार इंच आणि बाजूंना दोन इंच बाहेर हवं. छपराच्या खालच्या अंगाला, कडेपासून १५ मिमी आत, ६ मिमी रुंद आणि तितकीच खोल खाच पाडून घ्या. ती नसेल तर पाणी छपराच्या पोटाला चिकटून मागे सरकतं आणि थेट दाराच्या फटीत उतरतं. असेल तर पागोळी तिथेच तुटते. सुतार ही खाच हमखास विसरतात, आणि पेटी भिंतीवरून उतरवल्याशिवाय ती पाडता येत नाही.

नवी करणार असाल तर प्लाय सोडा. खिडक्यांचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून पावडर कोटिंग केलेल्या अॅल्युमिनियम सेक्शनचा सांगाडा करून घ्या, बाजूंना ३ मिमी एसीपी (मध्ये प्लास्टिक, दोन्हीकडे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली शीट). चित्रं लावायची आतली पाटी पेटीच्या पाठीपासून १० मिमी सुटी ठेवा. ही पाटी ०.८ मिमी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याची, पावडर कोटिंग करून घेतली तर चित्रं लोहचुंबकांनी लावता येतात; टाचण्यांच्या गंजाचे डाग टळतात आणि चित्रं बदलायला पाच मिनिटं पुरतात. (एसीपीवर चुंबक चिकटत नाही, ३०४ स्टीलवरही जवळजवळ नाही. पत्रा आणल्यावर हे कळून उपयोग नसतो.) कागद आणि काच यांत किमान एक इंच अंतर हवं. कागद काचेला टेकला की पहिल्याच घामात चिकटतो, आणि सोडवताना रंग काचेवर राहतो.

प्र. पुढे काच लावावी, अॅक्रिलिक की पॉलीकार्बोनेट? अंगणात मुलं क्रिकेट खेळतात. (गिरगाव)

उ. अंगणात क्रिकेट म्हणजे प्रश्न निम्मा सुटला: ३ मिमी कॉम्पॅक्ट (भरीव) पॉलीकार्बोनेट. रबरी चेंडूनं ते फुटत नाही. मात्र यूव्ही थर असलेलंच घ्या, आणि तो थर बहुधा एकाच बाजूला असतो. संरक्षक फिल्मवर कोणती बाजू बाहेर ते छापलेलं असतं. फॅब्रिकेटर फिल्म आधी सोलून टाकतो आणि मग शीट कुठल्याही तोंडानं बसवतो. उलटी बसली तर ती लवकर पिवळी पडते. ओरखडेही लगेच येतात: कोरड्या फडक्यानं पुसू नका, आधी पाणी ओता.

क्रिकेट नसेल तर ३+३ मिमी लॅमिनेटेड काच उत्तम. तडा गेला तरी मधल्या फिल्मला धरून राहते, आणि ती फिल्म जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. २ फूट × दीड फूट मापाला वजन चार किलोच्या थोडं वर, तेव्हा बिजागऱ्या दोन नको, तीन लावा. टफन्ड काच मजबूत असते, पण फुटली की तिचे दाणे होऊन पेटी सताड उघडी पडते. शिवाय टफन केल्यावर ती कापता येत नाही, म्हणून माप घेताना चूक परवडत नाही.

अॅक्रिलिक हलकं आणि स्वच्छ दिसतं, पण त्याचे दोन हट्ट आहेत. ते उन्हात वाढतं: दोन फूट लांबीला ४० अंशांच्या फरकानं दीड मिमीहून जास्त. चौकटीत लांबीला ३ मिमी ढील ठेवा, स्क्रूची भोकं २ मिमी मोठी पाडा, स्क्रू करकचून आवळू नका. नाहीतर कोपऱ्यातून तडा जातो. दुसरं, काच पुसायचे अमोनियावाले स्प्रे आणि स्पिरिट त्याला वर्ज्य, त्यांनी बारीक जाळीदार तडे येतात. साबणाचं पाणी पुरे.

कोणतंही घ्या, भोवती ईपीडीएम रबराची गास्केट लावा. सिलिकॉन लागलंच तर न्यूट्रल मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते धातूला खातं आणि लॅमिनेटेड काचेच्या कडा पांढुरक्या करतं.

प्र. समुद्र दोन इमारती सोडून आहे. ‘एसएस’ म्हणून घेतलेल्या बिजागऱ्या आणि स्क्रू वर्षात तांबूस झाले. दुकानदारानं चुंबक लावून दाखवलं होतं. (वर्सोवा)

उ. चुंबकाची परीक्षा इथे फसवी आहे. स्वस्त २०२ ग्रेडही चुंबकाला चिकटत नाही, ३०४ नाही आणि ३१६ही नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत ३१६ लागतं. त्यातलं २-३ टक्के मॉलिब्डेनम क्षारांपासून वाचवतं. बोल्ट घेताना डोक्यावरचा ठसा बघा: ‘ए २’ म्हणजे ३०४ च्या जातीचा, ‘ए ४’ म्हणजे ३१६ च्या. नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मिळतात, नेमकं मागावं लागतं. बिजागरी ३१६ मध्ये मिळाली नाही तर जाड पितळी घ्या. काळवंडेल, पण अडकणार नाही.

अॅल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या ओलीत स्क्रूभोवतालचं अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं. साध्या पॉप रिव्हेटचा गाभा लोखंडी असतो, पत्र्यावर तांबडे ओघळ येतात ते तिथूनच. आणि लक्षात घ्या, गंज आधी धरतो तो वळचणीखालच्या भागात, कारण तिथे बसलेलं मीठ पाऊस धुऊन नेत नाही. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं तो भाग धुवा.

कुलपाचं थोडक्यात: कॅम लॉक (टपालपेटीला असतं तसं) दाराच्या खालच्या कडेला, चावीचं तोंड जमिनीकडे. समोर लावलं तर पहिल्या पावसात चावी फिरेनाशी होते.

प्र. कोणत्या दिशेच्या भिंतीवर लावावी? चित्रं महिन्याभरात फिकी पडतात. (दादर, बोरिवली)

उ. पश्चिम आणि नैर्ऋत्य टाळा. मुंबईचा पाऊस त्याच अंगानं झोडपतो, आणि मार्च ते मे दुपारचं ऊनही तिथेच. पहिली पसंती उत्तर, मग पूर्व. जून-जुलैत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, पण तेव्हा ढग असतात, त्यामुळे उत्तरेची भिंत वर्षभर बरी राहते. दक्षिणेला डिसेंबरचं ऊन तिरपं, सत्तेचाळीस अंशांच्या आसपास येतं. ते चार इंचांच्या छपरानं अडत नाही.

तरीही मूळ चित्र पेटीत कधीच लावू नका. संग्रहालयात जलरंगाच्या चित्रावर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, उघड्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो. यूव्ही काच मदत करते, पण दिसणारा उजेडही रंग उडवतोच. पिगमेंट शाईची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) प्रत लावा. ते महाग वाटलं तर रंगीत लेझर प्रिंट, ती ओलीत निदान पसरत नाही. घरच्या इंकजेटची साधी डाय शाई सर्वांत आधी उडते, त्यातही किरमिजी छटा आधी. लॅमिनेशन करायचंच तर चारी बाजूंनी ५ मिमी प्लास्टिक राखून कापा. कागदाच्या कडेला लागून कापलं की ओल आत जाते.

उंची: पेटीचा मध्य जमिनीपासून १३०० मिमी ठेवला तर मोठ्यांना जरा वाकावं लागतं आणि मुलांना टाचा उंचावाव्या लागत नाहीत. तळ ७५० मिमीच्या खाली नको, जमिनीवरून उडणारे शिंतोडे तिथवर पोचतात. हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलसारख्या सखल भागात राहत असाल तर भिंतीवरची जुनी पाण्याची रेघ बघून ठरवा.

प्र. शाळेतल्या मुलांचं शाडूकाम मांडायचं आहे. पेटी रेल्वेमार्गालगतच्या भिंतीवर येईल. (कुर्ला)

उ. न भाजलेला शाडू श्रावणात हाताला मऊ लागतो, त्याला पेटीत ऑक्टोबर ते मे एवढाच मुक्काम. पावसाळ्यात भाजलेल्याच वस्तू ठेवा. त्या सुरुवातीपासून कुंभाराच्या मातीत, आतून पोकळ आणि सारख्या जाडीच्या करून घ्या. धारावीच्या कुंभारवाड्यात चौकशी केली तर भट्टीत जागा मिळू शकते. तेलकट प्लास्टिसिन आणि ३-डी प्रिंटचं पीएलए उन्हातल्या पेटीत वाकतं, ते नकोच.

खोली आठ इंच घ्या. लोकलच्या हादऱ्यानं काचेच्या फळीवरच्या वस्तू रोज थोड्या सरकतात आणि आठवड्यात कडेला येतात, म्हणून फळीवर २ मिमी सिलिकॉन शीट अंथरा, फळीच्या पुढे ६ मिमीची कड ठेवा आणि उंच वस्तू मासे धरायच्या नायलॉन दोऱ्यानं मागे बांधा. मेणाचे गोळे चिकटवू नका. मे महिन्यात वितळतात.

प्र. रात्री दिवा हवा. सोलर चालेल का? (अंधेरी)

उ. जुलैत दगा देतो. तीन वॉटची १२ व्होल्ट एलईडी पट्टी (आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी) पुरते. अॅडॉप्टर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि बाहेर फक्त १२ व्होल्टची वायर न्या. वायर पेटीत खालून शिरावी, शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ झोळाशीच गळतो. पट्टी पुढच्या चौकटीच्या वरच्या पट्टीमागे लपवा, नाहीतर काचेत दिवाच दिसतो. ३००० केल्विनचा पिवळसर उजेड घ्या, पांढऱ्यावर किडे जास्त येतात. लोहार चाळीत टायमरही मिळतो, सात ते अकरा पुरे.

प्र. भिंतीला कशी बसवावी, परवानगी कोणाची? (परळ)

उ. विटांच्या भिंतीत चार एम ८ (८ मिमी बोल्टचे) अँकर, प्लास्टर सोडून विटेत ५० मिमी खोल, भिंतीच्या कडेपासून चार इंच दूर. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा आणि सीलंटनं भरा. पेटी आणि भिंत यांत २० मिमीचे स्पेसर, म्हणजे भिंतीवरचं पाणी मागून वाहून जातं. पोकळ ब्लॉकमध्ये केमिकल अँकर (रेझिननं चिकटवायचा) जाळीच्या स्लीव्हसह. जुन्या चाळीच्या चुन्याच्या भिंतीला हॅमर ड्रिल लावूच नका, पेटीला पायांचा स्टँड करा. जिन्यात किंवा पॅसेजमध्ये स्टँड नको, आगीच्या वेळी ती वाट मोकळी लागते.

भिंतीच्या आतल्या बाजूला लावत असाल तर व्यवस्थापक समितीचा लेखी ठराव घ्या. फुटपाथच्या बाजूला लावायची तर आधी वॉर्ड ऑफिसला विचारा, आणि पेटीवर प्रायोजकाचं नाव टाकू नका. ते टाकलं की पेटी जाहिरातीत मोडते आणि नियम बदलतात. वारसा यादीतल्या इमारतीला वेगळी परवानगी लागते. झाडाला मात्र खिळा मारून काहीही लटकवू नका.