डोंगराची तारीख समुद्राच्या तळाशी

प्रश्न: डोंगर उभे राहतात जमिनीवर, मग ते कधी झाले हे खोल समुद्रातल्या गाळावरून आणि साध्या डोळ्यांना नीट दिसतही नाहीत अशा जीवाश्मांवरून कसं काय सांगतात?

उत्तर: दोन खंड एकमेकांवर आदळायचे तर मधला समुद्र आधी संपायला हवा ना. त्या समुद्राचा तळ बहुतेक सगळा पृथ्वीच्या पोटात जातो, पण वरचा थोडा गाळ खरवडला जाऊन खंडाच्या काठाला चिकटतो आणि पुढे डोंगरात सापडतो तो हाच. याचा क्रम साधारण ठरलेला. खाली बेसाल्ट, म्हणजे तळ तयार झाला तेव्हाचा लाव्हा. त्यावर चर्ट नावाचा खडक, बऱ्याचदा लालसर आणि एकदम टणक, रेडिओलारिया नावाच्या एकपेशीय जिवांच्या सिलिकाच्या (काच बनते तो पदार्थ) सांगाड्यांपासून बनलेला. तिथे वाळू पोचत नाही इतका किनारा लांब, आणि साधारण 4-5 किलोमीटरच्या खाली चुन्याची कवचं विरघळून जातात, मग उरतं काय तर हे सांगाडे आणि वाऱ्याने आलेली धूळ. कॅलिफोर्नियात मरीन हेडलँड्सला अशा जेमतेम 80 मीटर चर्टमध्ये जवळपास 10 कोटी वर्षं मावलीत, हजार वर्षांना एक मिलिमीटरसुद्धा नाही!

आणि मग वर वाळू आणि चिखल सुरू होतो. म्हणजे तळ सरकत सरकत खंडाजवळच्या गर्तेपाशी आला, गर्ता म्हणजे जिथे समुद्राचा तळ खाली पृथ्वीच्या पोटात जातो ती खोल चर. रेडिओलारियाच्या जाती काळाप्रमाणे बदलत गेल्यात, त्यामुळे चर्टच्या अगदी खालच्या थरातल्या जाती बघितल्या की तळ कधी जन्मला ते कळतं आणि वाळूच्या लगतच्या बघितल्या की तो गर्तेपाशी कधी पोचला ते कळतं. मला विचाराल तर खरी कामाची तारीख ही दुसरी, कारण गाळ खंडाला चिकटायला लागतो तो तिथून.

प्रश्न: पण एवढ्या टणक दगडातून ते बाहेर काढतात कसे?

उत्तर: पातळ केलेल्या हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये चर्टचे तुकडे ठेवतात. सांगाडे आणि भोवतालचा दगड दोन्ही सिलिकाच, पण विरघळायचा वेग थोडा वेगळा, तेवढ्या फरकावर सांगाडे सुटे होतात. (घरी अजिबात करू नका, हे ॲसिड हाडापर्यंत जातं.) 1970 च्या सुमारास ही पद्धत आली आणि जपानमध्ये तर सगळा इतिहासच पालटला. तिथल्या डोंगरातल्या चुनखडीत पर्मियन काळाचे (25 कोटी वर्षांहून जुने) जीवाश्म मिळायचे म्हणून आजूबाजूचे खडकही तेवढेच जुने धरले होते, पण रेडिओलारिया बघितल्यावर कळलं की चर्ट त्यानंतरच्या ट्रायासिक काळापासूनचा आहे आणि भोवतालचा चिखलाचा खडक त्याहीनंतरच्या ज्युरासिक काळाचा, म्हणजे जुनी चुनखडी नंतरच्या चिखलात येऊन पडलेली, आणि हे सगळे काप गर्तेपाशी पत्ते पिसल्यासारखे एकमेकांत घुसलेले.

प्रश्न: एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री जीवाश्म आहेत म्हणतात, तोही असाच पुरावा का?

उत्तर: नाही, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. माथ्यावरची चुनखडी उथळ समुद्रातली, ऑर्डोव्हिशियन काळाची, म्हणजे 45 कोटी वर्षांहून जुनी. तिथे कधीतरी समुद्र होता एवढं ती सांगते, डोंगर कधी झाला याबद्दल काहीच नाही. त्यासाठी आणखी उत्तरेला, भारत आणि आशिया जिथे जोडले गेले त्या सिंधू-यारलुंग पट्ट्यात जावं लागतं. दक्षिण तिबेटात सांगदानलिन इथे खोल समुद्रातले थर आहेत, त्यात खालची वाळू भारताकडून आलेली आणि वरची आशियाकडून. म्हणजे या दोन्हींच्या मध्ये कधीतरी भारत आशियाला येऊन टेकला. तिथले रेडिओलारिया आणि झिरकॉनचे (वय मोजता येतं असं एक खनिज) कण मिळून 2015 मध्ये संशोधकांनी तारीख दिली सुमारे 5.9 कोटी वर्षांपूर्वीची. सगळ्यांना ती पटलेली नाही, काही जण म्हणतात की खंडांची खरी टक्कर त्यानंतर झाली, वाद चालूच आहे.

त्यानंतर हिमालय वर येत गेला तसा झिजतही गेला, आणि तो माल गंगा-ब्रह्मपुत्रेने बंगालच्या उपसागरात नेऊन टाकला, जवळपास 3000 किलोमीटर लांब गाळाचा पंखा झालाय तिथे. 2015 मध्येच एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने 8 अंश उत्तर अक्षांशावर सात ठिकाणी त्यात ड्रिलिंग केलं, आणि त्या गाळाचं वय काढायलाही सूक्ष्मजीवाश्मच वापरले, फक्त यावेळी चुन्याच्या कवचांचे.